कादंबरीची लय मोजायची कशी?

प्रश्न : माझ्या कादंबरीचा खर्डा तयार आहे. निम्म्यानंतर ती रेंगाळते, असं वाचणाऱ्यांचं म्हणणं. प्रकरणं तोडून लहान केली, तरी फरक पडला नाही. चेक कादंबरीकार मिलान कुंदेरा संगीताच्या लयीवर कादंबरी बांधायचा म्हणतात. ते नेमकं कसं?

उत्तर : कुंदेराचे वडील लुडविक हे पियानोवादक, संगीतकार यानाचेकचे शिष्य. मुलगाही संगीत शिकलेला. त्यामुळे लय हा शब्द तो हिशोबानंच वापरतो. ‘द आर्ट ऑफ द नॉव्हेल’मध्ये (१९८६) त्यानं आपल्या ‘लाइफ इज एल्सव्हेअर’ या कादंबरीचे सातही भाग मोजून दाखवलेत. पहिल्यात ७१ पानं, ११ प्रकरणं; प्रकरणाला सुमारे साडेसहा पानं. ही मोडेराटो, आपली मध्यलय. चौथ्यात ३० पानांत २५ प्रकरणं, जेमतेम सव्वा-सव्वा पानाची : प्रेस्टिसिमो, अतिद्रुत.

आता सहावा भाग पाहा. २६ पानं, १७ प्रकरणं, म्हणजे प्रकरण दीड पानाचं. हाही पळायला हवा ना? पण कुंदेरा त्याला अडाजियो म्हणतो, म्हणजे विलंबित. कारण पाचव्या भागात वर्षभराचं आयुष्य सरतं, सहाव्यात फक्त काही तास. तिथं लहान प्रकरण काळ थोपवून धरतं. तुमची गफलत इथंच झाली असणार. एक दुपार चाळीस पानं चालत असेल, तर तिचे दहा तुकडे करूनही ती हलणार नाही.

कागदावर तीन रकाने आखा : पानं, प्रकरणं, कथेतला काळ. प्रत्येक भागासाठी पानांना प्रकरणांनी भागा. मग एका पानात किती काळ सरतो ते काढा. हा दुसरा आकडा लागोपाठच्या भागांत जवळपास सारखाच येत असेल, तर दुखणं तिथं आहे. मग पानं तेवढीच ठेवून दुपारीऐवजी आठवडा सरू द्या, नाहीतर दुपार ठेवून पानं निम्मी करा. सगळीकडेच वेग वाढवू नका. विलंबितानंतरच द्रुत रंगतं, हे ख्याल ऐकणाऱ्याला सांगायला नको. संवादांची पानं वेगळी खुणवा, ती वर्णनापेक्षा भरभर वाचली जातात आणि आकडे फसवतात.

प्रश्न : लिहिताना गाणी लावावीत का?

उत्तर : शब्दांची नकोत, विशेषतः मराठी. त्यांचा छंद तुमच्या वाक्यात शिरतो. सतार-सरोद-सारंगी चालेल, तेही पहिल्या खर्ड्यापुरतं. कारण पानावर नसलेली करुणा सारंगी परस्पर पुरवते आणि प्रसंग जमला असं वाटतं. वाचकापाशी ती सारंगी नसते. शेवटचा हात फिरवताना सगळं बंद करून मजकूर मोठ्यानं वाचा.