जखम सुकतेय, आजार गेलेला नाही

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांचा आहे. बाहेर एकदा संबंध आला. महिन्याभराने लिंगावर एक चट्टा उठला. दुखत नव्हता. मेडिकलवाल्याने मलम दिलं, आता तीन आठवड्यांत तो सुकत आलाय. बायको पाच महिन्यांची गरोदर आहे, डोहाळजेवणासाठी माहेरी गेलीये. चट्टा उठला तेव्हा ती इथेच होती आणि आमचा संबंध आला होता. आता डॉक्टरकडे जायची गरज आहे का? तिला सांगावंच लागेल का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे, आणि या आठवड्यातच.

न दुखणारी, एकच, कडांना टणक लागणारी जखम म्हटलं की पहिला संशय सिफिलिसचा, म्हणजे उपदंशाचा. ही जखम मलम लावा न लावा, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. जंतू मात्र रक्तात राहतात. पुढे अंगावर, तळहातांवर पुरळ येतं, तेही जातं, आणि माणूस बरा झालो असं समजून बसतो. शँक्रॉइड नावाचा दुसरा जंतुसंसर्ग आहे. त्याची जखम मऊ असते, फार दुखते आणि बरेचदा जांघेत गाठ येते. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळत नाही, पण नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. म्हणूनच सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, अशा जखमेला दोन्हींवरचं औषध एकत्र देतात: बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. ही क्लिनिकं जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत असतात, उपचार मोफत होतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, तुम्हाला डॉक्सिसायक्लिन देता येतं. इंजेक्शननंतर दिवसभर ताप, अंगदुखी होऊ शकते. घाबरू नका.

व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही सिफिलिसची रक्ततपासणी होईलच. जखम नवी असताना ती कधी कधी निगेटिव्ह येते, तेवढ्यावर सुटलो समजू नका. सोबत एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. नंतर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आरपीआर पुन्हा करून आकडा उतरतोय का ते पाहायचं.

आता तुमची बायको. मला खरी काळजी तिची आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला तिची व्हीडीआरएल झाली असेल आणि निगेटिव्ह असेल, पण तो रिपोर्ट तुमच्या जखमेच्या आधीचा. आता त्याचा उपयोग नाही. तिला लागण झाली असेल आणि उपचार झाले नाहीत, तर गर्भपात, बाळ पोटातच दगावणं, किंवा बाळ आजार घेऊनच जन्माला येणं, यातलं काहीही होऊ शकतं. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बहुतेकदा हे सगळं टळतं. गरोदर बाईसाठी पेनिसिलिनच लागतं, डॉक्सिसायक्लिन चालत नाही. तिची तपासणी निगेटिव्ह आली तरी, संबंध इतक्यात आलेला असल्याने, तिला उपचार द्यायलाच हवेत. मेडिकलमधून गोळ्या आणून तिला गुपचूप देऊ नका.

तिला सांगणं कठीण आहे, मला कळतं. ती रागावेल, कदाचित सासरी यायला नको म्हणेल, आणि तो तिचा हक्क आहे. पण बाळाबद्दलची ही गोष्ट तिच्यापासून लपवायचा तुम्हाला अधिकार नाही. एकट्याने जमत नसेल तर क्लिनिकच्या समुपदेशकासमोर सांगा, ते गोपनीयता पाळतात. डॉक्टर सांगेपर्यंत, निदान दोघांचे उपचार होऊन सात दिवस उलटेपर्यंत आणि जखम पूर्ण भरेपर्यंत, संबंध ठेवू नका. जिच्याशी बाहेर संबंध आला, तिलाही कळवा.

जवळचं सुरक्षा क्लिनिक ठाऊक नसेल तर १०९७ वर फोन करा. ही हेल्पलाइन मोफत आहे.