आईची चक्कर आणि पित्ताचा शिक्का

प्रश्न : माझी आई (वय 69) कराडला भावाकडे असते, मी पुण्यात. दीड वर्षापासून तिला मधूनमधून चक्कर येते. पहाटे कूस बदलली की घर गरगर फिरतं, मग उमासे, कधी उलटी. माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. आठ-दहा दिवस त्रास होतो, मग दोन-तीन महिने काही नाही. आधी पित्त म्हणाले, मग मानेचा मणका म्हणून पट्टा दिला. चक्करेची एक गोळी सात महिने रोज चालू आहे. आई म्हणते, चक्कर तासभर राहते. बीपीची गोळी आहे, शुगर नाही, ऐकू नीट येतं. मेंदूचा स्कॅन करावा का? खंबाटकी घाटाच्या धास्तीने ती दिवाळीला यायलाही तयार नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातले दोन शब्द मला फार उपयोगी पडले : ‘कूस’ आणि ‘माळा’. आधी माझीच फजिती सांगते. मी कानाची डॉक्टर, तरी रत्नागिरीला राहणाऱ्या माझ्या आईची चक्कर मी वर्षभर फोनवरून ‘पित्त असेल’ म्हणून निभावून नेली. ती मोरावळा खात राहिली. गणपतीत घरी गेले तेव्हा पाहिलं, आडवं होण्याआधी ती पलंगाची कड घट्ट धरून बसते आणि डावीकडे वळतच नाही. तेवढ्यावरून माझ्या लक्षात यायला हवं ते आलं.

आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो, पण आईला विचारा : घर फिरतं, की उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? अंधारी असेल तर बीपीच्या गोळीकडे पाहावं लागतं. आडवं असतानाचं बीपी मोजायचं आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगायचं. तुमच्या आईचं मात्र घर फिरतं, तेही अंथरुणात पडल्या पडल्या कूस बदलताना. हे बहुतेक कानातलं आहे.

आतल्या कानात तोल सांभाळणारे चुन्याचे सूक्ष्म कण असतात. वयानुसार किंवा डोक्याला मार लागल्यावर ते जागेवरून सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. नळीत पाणी असतं. डोकं हललं की कण घरंगळतात, पाणी ढवळतं आणि कान मेंदूला कळवतो की डोकं फिरतंय. डोळे सांगतात, फिरत नाहीये. या भांडणात पोट ढवळतं. उमासे येतात ते यामुळे, जठरातल्या आम्लामुळे नाही. शेवटी उलटी होते म्हणून सगळं खापर पित्तावर फुटतं.

आता ‘तासभर’बद्दल. आई खोटं बोलत नाहीये, पण गरगर आणि मळमळ या दोन गोष्टी ती एकत्र मोजते आहे. पुढच्या वेळी भावाला फोनवर सेकंद मोजायला सांगा. फिरणं मिनिटाच्या आत थांबत असेल आणि उरलेला वेळ नुसती मळमळ असेल, तर माझा अंदाज पक्का होत जातो. जमलं तर त्या वेळी डोळे उघडे ठेवायला सांगून जवळून व्हिडिओ काढा. बुबुळं कशी हिसके देत फिरतात, त्यावरून कोणती नळी ते कळतं. फिरणंच खरोखर तास-तासभर चाललं, सोबत कानात दडा, आवाज, कमी ऐकू येणं असलं, तर तो आजार वेगळा.

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्यावर आईला खाटेवर बसवून, मान 45 अंश वळवून झपकन मागे निजवतील. डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये मांडलेली ही तपासणी आहे. थोडी चक्कर येईल, तशी ती यावीच लागते. मग डोकं टप्प्याटप्प्याने फिरवत कण मूळ जागी परत नेतात, प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबून. हे जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलं. यंत्र नाही, इंजेक्शन नाही. बहुतेकांना एक ते तीन वेळांत आराम पडतो. व्हिडिओ पाहून घरी करू नका. कोणता कान ते ठरायला हवं आणि आईची मानही आधी तपासायला हवी.

गोळीबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. अशा बऱ्याच गोळ्या उलटीच्या दोन-चार दिवसांसाठी असतात. त्या कण हलवत नाहीत. त्यांतल्या काही महिनोन्‌महिने घेतल्या तर म्हातारपणी हात थरथरणं, चाल मंदावणं सुरू होतं. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘ही अजून कशासाठी?’ असं सरळ विचारा. बीपीची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. पट्ट्याने या चक्करेत काही साधत नाही.

चक्कर आली की बसायचं किंवा आडवं व्हायचं, नजर एका जागी ठेवायची, घोटघोट पाणी. एकटीने न्हाणीघरात जायचं नाही, आतून कडी लावायची नाही, रात्री दिवा चालू. रोजचे डबे माळ्यावरून खाली आणा, हे काम भावाचं.

कण पुन्हा सुटू शकतात, बऱ्याच जणांचे सुटतात. मग तीच क्रिया परत. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका अभ्यासात, ते कमी असलेल्यांना भरून दिल्यावर चक्कर परतण्याचं प्रमाण घटलं होतं.

स्कॅनची गरज सध्या दिसत नाही. पण चक्करेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, चालताच येईना किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता लगेच मोठं रुग्णालय गाठा.

राहिला खंबाटकी. घाटात गाडी लागणं निराळं, तिथे कण सुटत नाहीत. कान दाखवून झाला की पुढची सीट द्या, निघण्याआधी थोडं खाऊ घाला आणि दिवाळीला आणा.