मास्तरांसाठी पाव किलो शेंगदाणे

मनू,

गुरुवारी गाडीत तू विचारलंस, "बाबा, मराठीत मला काय म्हणतात? शिवी सोडून सांग." मी "समलिंगी" म्हणालो आणि तू हसलीस. "हे सायन्सच्या पुस्तकातलं वाटतं. सांगलीची पणजी असं म्हणाली असती?" मी इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि पेट्रोलच्या भावाचा विषय काढला. तुझ्या लक्षात आलंच असणार.

म्हणून लिहितोय. मराठीत, कारण इंग्रजीत मला हे जमायचं नाही. जोडाक्षरांवर अडलीस तर आईला विचार, ती रविवारच्या शाळेतल्यासारखी ओरडणार नाही.

त्या कवीची, ओशन वुआंगची, पुस्तकं तू टेबलावर ठेवून गेली होतीस. मुद्दाम की विसरून, ते विचारत नाही. मी वाचली. माणूस आपल्या हार्टफर्डचाच निघाला. १९८८ मध्ये व्हिएतनामात सायगॉनला जन्म, दोन वर्षांचा असताना निर्वासित म्हणून इकडे अमेरिकेत. आई नेल सलॉनमध्ये कामाला, तिला वाचता येत नव्हतं. २०१९ची ती कादंबरी म्हणजे मुलानं न वाचू शकणाऱ्या आईला लिहिलेलं पत्र. आपल्याकडे उलटी गंगा, बाप लिहितोय आणि लेक अक्षरं लावतेय. त्यातल्या पोराला व्हिएतनामी भाषेत स्वतःसाठी जो शब्द सापडतो, तोही फ्रेंचांनी मागे ठेवलेला. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

पण मला धरून ठेवलं ते २०२२च्या संग्रहातल्या एका कवितेनं. नेल सलॉनमध्ये काम केलेल्या बाईनं ॲमेझॉनवरून काय काय मागवलं, त्याची महिन्यामहिन्याची यादी. क्रियापद नाही, रडारड नाही. दुखण्याच्या गोळ्या, नेलपॉलिश, मग केमोच्या वेळी डोक्याला बांधायचा रुमाल, आणि शेवटी लोकरीच्या पायमोज्यांचा एक जोड. त्याची आई २०१९ मध्ये कॅन्सरनं गेली. यादीत मरणाचा शब्द नाही आणि तरी सगळं कळतं.

मला आमच्या आजीची वाण्याची यादी आठवली. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे, पेन्सिलीनं. गणपतीच्या आधीच्या यादीत दर वर्षी एक ओळ असायची, "शेंगदाणे पाव किलो (मास्तर)". बाकी कुणाच्या नावानं काही नसायचं, आजोबांच्यासुद्धा नाही.

मास्तर म्हणजे अण्णाकाकांचे मित्र. कराडला शाळेत चित्रकला शिकवायचे. गणपती बसायच्या आदल्या दिवशी लाल एसटीनं यायचे ते गौरी-विसर्जनानंतरच जायचे, आणि अधेमधे शनिवार-रविवारीही. माडीवर काकांच्या खोलीत दोन गाद्या. रात्री जेवणं झाली की दोघं गच्चीत खारे दाणे खात बसायचे, फार बोलायचेही नाहीत. अण्णाकाकांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

काका १९९३ मध्ये गेले, हार्ट ॲटॅकनं, एकाएकी. मी कॉलेजात होतो. दहाव्याला मास्तर आले ते मिशी उतरवून. आमच्यात घरच्या पुरुषांनीच उतरवायची असते. घाटावर सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे कृष्णेच्या पाण्याकडे बघत राहिले. पुढे गोडाच्या जेवणाला घरच्या पुरुषांना टॉवेल-टोपी देतात, दुखवट्याची. आम्ही पाच जण होतो. आजीनं माझ्या मामाला बाजारात पाठवताना एवढंच सांगितलं, "टोप्या सहा आणा हो."

ही गोष्ट मी मनातल्या मनात अनेकदा अभिमानानं सांगत आलो. बघा, आमच्याकडे शब्द नव्हता, पण टोपी होती. तुला गुरुवारी हेच सांगणार होतो. बरं झालं, सांगितलं नाही.

कारण पुढचं मी नेहमी गाळतो. पेपरातल्या बातमीत "मागे आई, दोन भाऊ, पुतणे असा परिवार" आला, त्यात मास्तर नव्हते. दोन महिन्यांत माडी रिकामी करायची ठरली. कपाटात मास्तरांच्या चित्रांच्या वह्यांचा गठ्ठा होता. सायकलच्या कॅरिअरला बांधून तो रद्दीवाल्याकडे मीच नेला. त्यानं ताजव्यात टाकला, मी काटा बघत होतो. मिळालेल्या पैशांतून एक कॅसेट घेतली. पंधरा दिवसांनी मास्तरांचं कार्ड आलं, माझ्या वह्या तेवढ्या जपून ठेवा, सवडीनं येऊन नेतो. त्या कार्डाला कुणी उत्तर दिलं नाही. ते आले नाहीत, आणि पुढच्या गणपतीच्या यादीत ती ओळ नव्हती.

वह्यांवर नाव होतं गं. "मित्र" म्हटलं की सामान कुणाचं, हे विचारावंच लागत नाही.

आजीला कळत होतं का? मी इतकी वर्षं हो म्हणत आलो. आता वाटतं, तिला कळत असेलही, पण मास्तरांना ते कुणी सांगितलं का? वुआंग यादी लिहून थांबत नाही. बाकीच्या कवितांत पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम तो सरळ लिहितो. काही पानं मी भराभर उलटली, खोटं कशाला बोलू, बापाच्या डोळ्यांना जरा जड जातं. तुझ्या आईबरोबर दिवाळीआधी त्या नेल सलॉनमध्ये दहा वेळा गेलो असेन, तिथल्या एकाही बाईचा चेहरा मला आठवत नाही, हेही ही पुस्तकं वाचताना लक्षात आलं.

तर शब्द. माझ्याकडे अजून तोच आहे, सायन्सच्या पुस्तकातला. तुला दुसरा आवडला तर सांग, मी तो म्हणायची सवय करीन. उच्चार चुकला तर हसायचं नाही.

आणि रविवारी ती जेवायला येणार आहे ना? आईनं यादी माझ्याकडे दिलीय. भरली वांगी करायची म्हणतेय, म्हणजे दाण्याचा कूट आला. इकडे पुष्कळांना शेंगदाणे चालत नाहीत. तिला विचारून कळव, आणि तिचं नाव मराठीत कसं लिहायचं तेही. मला यादीत लिहायचंय.

तुझा,
बाबा