तेलाची टाकी तळाला, ट्रक गुरुवारी. तोवर कॅनने डिझेल आणून ओतलं तर चालेल का?

चालेल. पंपावरचं साधं डिझेल खुशाल ओता. तुम्ही लिहिलंय की मॅसॅच्युसेट्समध्ये जुनं घर घेतलंय, पहिलाच हिवाळा आहे, घर तापवायच्या तेलाच्या तळघरातल्या टाकीचा काटा तळाला टेकलाय आणि तेलवाला गुरुवारी येतो म्हणतोय. आज रविवार. पाच-पाच गॅलनचे तीन कॅन, म्हणजे १५ गॅलन आणा. आणि बर्नर, म्हणजे बॉइलरमध्ये तेल जाळणारा भाग, बंद पडायच्या आत ओता, पडल्यावर नाही. आम्ही पडल्यावर ओतलं होतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधी डिझेलचं. घर तापवायच्या ज्या तेलाला इथे नंबर टू म्हणतात ते आणि डिझेल सख्खी भावंडं आहेत. २०१८ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये घरच्या तेलातलं गंधकसुद्धा डिझेलइतकंच, १५ पीपीएमवर (दहा लाख भागांत १५) आणलंय. फरक उरतो रंगाचा आणि कराचा. घरच्या तेलात लाल रंग मिसळतात, कारण त्यावर रस्त्याचा कर नसतो आणि ते कुणी ट्रकमध्ये घातलं तर पकडता यावं. माझ्या बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपलं रेशनचं निळं रॉकेल." अगदी तेच. पंपावरच्या डिझेलमध्ये गॅलनमागे २४.४ सेंट केंद्राचा आणि २४ सेंट राज्याचा कर असतो, म्हणजे १५ गॅलनवर सातेक डॉलर जास्त जातील. अवेळी ट्रक बोलावलात तर त्याच्या कितीतरी पट मोजाल.

रॉकेलही चालतं. काही पंपांवर त्याची वेगळी तोटी असते, के-वन लिहिलेली. टाकी घराबाहेर असेल तर कडाक्याच्या थंडीत डिझेल मेण धरतं, तेव्हा रॉकेलच बरं. तुमची तळघरात आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. पेट्रोल मात्र चुकूनही नको, थेंबभरही नको. पूर्वी पेट्रोल भरलेला लाल कॅन "आता कोरडा आहे" म्हणून वापरू नका. डिझेलचा कॅन पिवळा, रॉकेलचा निळा. नवे घ्या.

आता आमची गोष्ट. मुलीच्या जन्माच्या वेळी आई-बाबा पुण्याहून आले, डिसेंबरात. आमचा तेलवाला आपोआप भरणारा होता, म्हणजे आपण फोन करायचा नाही, तोच हिशोब ठेवून ट्रक पाठवतो. हा हिशोब गमतीचा आहे. दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. सरासरी २० असेल तर ४५. तुमचं घर एका गॅलनवर किती डिग्री-डे काढतं हे त्याला आधीच्या बिलांवरून माहीत असतं. आमचा आकडा होता सहा. म्हणजे अशा दिवसाला साडेसात गॅलन. हवामान बघायचं, बेरीज करत जायची, टाकीत पाव भाग उरायच्या सुमारास ट्रक.

त्या गणितात आमची आई नव्हती. आम्ही दोघं थर्मोस्टॅट ६८ वर ठेवायचो, आई आल्यावर तो ७५ वर गेला. "बाळंतिणीचं घर आहे, थंडगार काय ठेवता?" त्यात नातीची रोज तेल लावून अंघोळ, मग बाळंतिणीची, आणि आमच्याकडे नळाचं गरम पाणीसुद्धा त्याच बॉइलरवर. सहा आठवड्यांत सगळी शिल्लक गेली. तेलवाल्याच्या कागदावर टाकीत ४० गॅलन होते, टाकीत गाळ होता.

पहाटे तीनला बाबांना जाग आली, रेडिएटर गार. मी आधी तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी असलेला बॉइलरचा लाल पट्टीचा स्विच बघितला, कारण तो दिव्याचा समजून बाबांनी आठवड्यापूर्वी एकदा बंद केला होता. (तुम्हीही आधी तोच बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.) स्विच चालू होता. टाकीवरच्या काचेच्या नळीतला तरंगणारा काटा दिसतच नव्हता.

सकाळी पंपावर गेलो. कॅन गाडीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवून भरा. पाच गॅलन डिझेल साधारण १६ किलो भरतं, उचलायला हातमोजे घाला. डिकीत प्लास्टिकचं मोठं घमेलं ठेवून त्यात कॅन उभे ठेवा. आमचा एक कलंडला, जेमतेम पेलाभर सांडलं असेल, वास एप्रिलपर्यंत होता.

घराच्या भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या दिसतील. एकीवर फिरकीचं झाकण असतं ती भरायची, दुसरीवर छत्रीसारखी टोपी असते ती हवेची. ओतण्याआधी तळघरात जाऊन नळी खरंच टाकीपर्यंत जाते का ते डोळ्यांनी बघा. हसू नका. जुन्या घरांत कधीकधी टाकी काढून टाकतात आणि भिंतीतली नळी तशीच राहते, मग तेल थेट तळघराच्या जमिनीवर. तुमच्या घराला पूर्वी दुसरी टाकी असेल तर दुसरी नळीही असेल.

झाकण बर्फाने धरलेलं असतं, मोठा पाना लागतो. नरसाळं लांब दांड्याचं घ्या. बाबांनी नरसाळ्यावर मलमलचं फडकं धरलं, तीस वर्षं रॉकेल असंच गाळलंय म्हणाले. गल्लीत बर्फ, पहाटेचे सात, आम्ही दोघं स्वेटरवर स्वेटर घालून अमेरिकेत नरसाळ्याने तेल ओततोय. शेजारीण कुत्रा फिरवता फिरवता थांबून बघत होती.

ओतताना बॉइलर बंद ठेवा आणि ओतल्यावर अर्धा तास हात लावू नका. वरून पडलेल्या तेलाने तळाचा गाळ उठतो, तो बसू दे. नाहीतर फिल्टर आणि नोझल (तेल फवारणारं बारीक भोक) चोंदतं. ओतायच्या आधीपर्यंत तुमचा बर्नर चालू असेल तर तुमचं काम इथेच संपलं. स्विच लावा, चहा घ्या.

तेल संपून बंद पडला असेल तर पुढचं वाचा. नळीत हवा शिरलेली असते आणि बर्नरचा पंप हवा ओढत बसतो. बर्नरवर एक लाल बटण असतं, ते दाबलं की तो पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो, नाही पेटला की थोड्याच वेळात स्वतःहून थांबतो. मी ते पाच वेळा दाबलं. तेल थोडं थोडं येत होतं, पेटत नव्हतं आणि भट्टीच्या तळाशी साचत होतं. नंतर आलेल्या मेकॅनिकने झाकण उघडलं आणि आधी माझ्याकडे बघितलं, मग बोलला. ते साचलेलं तेल एकदम पेटलं असतं तर धुराड्यातून जायचं ते सगळं काजळीसकट घरात आलं असतं. वर बाळ झोपलेलं. बटण एकदा दाबा, फार तर दोनदा. नव्या बर्नरांत सलग तीनदा फसलं की कंट्रोल स्वतःच कुलूप लावून घेतो, माझा जुना होता.

हवा काढायची रीत त्याने दाखवली. पंपाच्या बाजूला छोटी निप्पल असते, तिला ३/८ इंची पाना लागतो. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची नळी चढवायची, दुसरं टोक बरणीत. लाल बटण दाबून बर्नर सुरू झाला की निप्पल किंचित सैल करायची. आधी फुसफुस, मग फेस, मग तेलाची अखंड धार. धारेत एकही बुडबुडा नाही असं दिसलं की निप्पल घट्ट, आणि आत भडका पेटल्याचा आवाज येतो. बाबा मागून म्हणाले, "पंपाचा स्टोव्हच आहे की हा. पिन कुठाय?" स्टोव्हमध्ये रॉकेल तापून त्याची वाफ जळते, इथे पंप दाबाने तेलाचं धुकं करतो, एवढाच फरक. बारीक भोक चोंदणं मात्र दोन्हीकडे सारखंच, फक्त इथे पिन घालायची नाही, नोझल बदलायचं.

मी हे नंतर एकदा स्वतः केलं. पण तुम्ही पाना कधी धरला नसेल तर मेकॅनिक बोलावा. पैसे लागतील, लागू द्यात.

१५ गॅलन कुठून काढले? आमच्या बर्नरचं नोझल ०.८५ चं, म्हणजे सलग तासभर जळला तर ढोबळमानाने तेवढे गॅलन. एक कॅन सहा तास. घाबरू नका, बर्नर अखंड जळत नाही. जानेवारीत आमच्याकडे दिवसाला एक ते दीड कॅन लागतो, आणि थर्मोस्टॅट ६० वर आणला तर एकाहूनही कमी. तुम्ही ६० वर आणाच. ५५ च्या खाली नको, बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे पाइप गोठतात. स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडं ठेवा. विजेचा हीटर लावलात तर थेट भिंतीच्या सॉकेटात, एक्स्टेंशनवर नाही. आणि ओव्हन उघडा ठेवून घर तापवणं किंवा बार्बेक्यूची शेगडी आत आणणं, ही कल्पना कुणी सुचवली तर त्याला आधी कार्बन मोनॉक्साइड सांगा.

हाच प्रश्न वाचणारे भाड्याच्या घरात असतील त्यांनी कॅन आणण्याआधी करार काढून बघावा. मॅसॅच्युसेट्समध्ये तेलाचा खर्च भाडेकरूचा असं लेखी नसेल तर तेल घरमालकानेच भरायचं असतं, आणि थंडीच्या मोसमात दिवसा ६८ आणि रात्री ६४ फॅरनहाइट घरात असलंच पाहिजे.

गुरुवारी ट्रक आला की त्याला टाकीत डिझेल आहे हे सांगायचीही गरज नाही, वरून नंबर टू भरला की सगळं एक होतं. फक्त घरी पाहुणे येणार असतील तर तेलवाल्याला फोन करून कळवा. आमची आई पुढच्या वर्षी परत आली तेव्हा मी तसं कळवलं, तर पलीकडची बाई विचारते, "किती डिग्रीची आई?"