कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमधील ओपॅकचे (वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसूचीचे) रूप बदलण्यासाठी टेम्पलेट फाइल (पानाचा साचा) थेट बदलावी का?

नाही, सोलापुरातील आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयाचे बोधचिन्ह आणि रंग एवढेच ओपॅकवर आणायचे असतील, तर सर्व्हरवरील टेम्पलेट फाइलींना हात न लावता कोहाच्या प्रशासन विभागातील ‘ओपॅकयूजरसीएसएस’ या सेटिंगमध्ये शैलीचे नियम (सीएसएस) लिहावेत. हे नियम डेटाबेसमध्ये राहतात, तर टेम्पलेट फाइली नवी आवृत्ती बसवताना पुन्हा लिहिल्या जातात आणि त्यांत केलेले बदल पुसले जातात. शिवाय मराठी पाने इंग्रजी टेम्पलेटवरून वेगळी तयार होत असल्याने मूळ फाइलीतील बदल मराठीत आपोआप उतरत नाही, हे बऱ्याचदा लक्षातच येत नाही. मात्र पानाची रचनाच बदलायची असल्यास सीएसएस पुरत नाही. तेव्हा थीमच्या (टेम्पलेट फाइलींच्या संचाच्या) फोल्डरची वेगळ्या नावाने प्रत करून ‘ओपॅकथीम्स’मध्ये ती निवडावी आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर मूळ फाइलींशी ताडून पाहावी.