14 लाखांची फ्रँचायझी की दोन वर्षांचं बी.एड.?

प्रश्न : वय 39, एम.ए. इंग्रजी, 57 टक्के. नऊ वर्षं व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीतल्या एका भाषाकेंद्रात लहान मुलांना इंग्रजी शिकवते. पगार रुपयांत महिना लाखाच्या आसपास. आई एकटी असते, म्हणून आता कोल्हापूरला परतायचं आहे. बी.एड. नसल्याने शाळा नको म्हणतात. एका शाळेने 'स्पोकन इंग्लिश'साठी 22 हजार देऊ केले. इंग्रजी क्लासच्या एका साखळीची फ्रँचायझी 14 लाखांत मिळते आहे, या महिन्यात 50 हजार टोकन द्यायचं आहे. एनआरई ठेवी (अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँक खात्यातल्या) 31 लाख. फ्रँचायझी घेऊ की बी.एड. करू?

उत्तर : नमस्कार ताई,

आधी फ्रँचायझी. तुम्ही पाठवलेल्या कागदात 60 विद्यार्थी आणि महिना 1,500 रुपये फी धरली आहे. म्हणजे जमा 90 हजार. त्यातून 20 टक्के रॉयल्टी 18 हजार, तिच्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 3,240. जागेचं भाडं 22 हजार, एका शिक्षिकेचा पगार 18 हजार, वीज आणि जाहिरात 8 हजार. हातात उरतात पावणेएकवीस हजार. हेच 14 लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत पडून राहिले तरी महिना साडेसात हजार येतात. ते वजा करा. दिवसभर क्लास चालवून तुमच्या मेहनतीचे तेरा हजार! तेही सगळी 60 मुलं पहिल्या दिवसापासून आली तर. शाळा देतेय ते 22 हजार यापेक्षा बरे, आणि त्यासाठी पदरचं काही घालावं लागत नाही. पालक तुमच्याकडे येतील ते तुमच्या शिकवण्यामुळे, पाटीवरच्या नावासाठी 14 लाख कशाला? घराची वरची खोली रिकामी आहे असं तुम्हीच लिहिलंय. संध्याकाळच्या दोन बॅच तिथे सुरू करा.

बी.एड.चा हिशेब वेगळा. फी लाखाच्या आत-बाहेर, पण खरी किंमत बुडालेल्या पगाराची : 22 हजारांनी दोन वर्षांचे सव्वापाच लाख. संध्याकाळच्या बॅच चालू राहिल्या तर त्यातला काही भाग भरून निघेल. बी.एड.नंतर तुमच्या भागातल्या सीबीएसई शाळा 35 हजार देतात असं तुम्ही लिहिता. म्हणजे महिना 13 हजारांचा फरक, वर्षाला दीड लाख. घातलेले पैसे चार वर्षांत वसूल होतात आणि त्यापुढे पंधराएक वर्षांची नोकरी उरते. शाळेतच रमायचं असेल तर हा सौदा चांगला आहे.

मात्र तीन गोष्टी माहीत असू द्या. 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. तुमचा सगळा अनुभव लहान मुलांचा, पण बी.एड.वर दार उघडेल ते सहावीच्या पुढचं. दुसरं, 'घरबसल्या बी.एड.'च्या जाहिरातींना भुलू नका. इग्नूचं दूरस्थ बी.एड. आधीच प्रशिक्षित किंवा सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, तुम्हाला सीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन नियमित कॉलेजलाच बसावं लागेल. इंग्रजी माध्यमासाठी ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणीही द्या. तिसरं, सरकारी नोकरीची आशा धरू नका. खुल्या गटाची 38 ची वयोमर्यादा तुम्ही ओलांडली आहे. अनुदानित माध्यमिक शाळेतही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून 18 हजारच मिळतात.

एम.ए.ला 55 च्या वर गुण आहेत, तेव्हा सेट आणि नेट या प्राध्यापकीच्या दोन्ही पात्रता परीक्षांचे अर्ज भरा. सहायक प्राध्यापकासाठी त्यांना वयाची अट नाही. सुरुवात बहुधा तासिका तत्त्वावर होईल आणि सुटीच्या महिन्यांत पैसे मिळणार नाहीत, पण यात गुंतवणूक अर्जाच्या फीपुरतीच.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या पगारपत्रकात सामाजिक विम्यापोटी 8 टक्के कापलेले दिसतात. परदेशी कर्मचाऱ्यांसाठी ही कपात जानेवारी 2022 पासून सुरू झाली. करार संपल्यावर ही रक्कम एकरकमी मागता येते : विमा भरलेल्या प्रत्येक वर्षामागे सरासरी पगाराचे साधारण दोन महिने. विम्यासाठी नोंदवलेला तुमचा पगार 2 कोटी डोंग, म्हणजे अंदाजे 67 हजार रुपये. चार वर्षांचे आठ महिने धरले तर पाच लाखांच्या वर जातात. बी.एड.चा जवळजवळ सगळा खर्च यातच निघतो, आणि तुमच्या पत्रात याचा उल्लेखसुद्धा नाही! विम्याचं पुस्तक केंद्राकडून मागून घ्या, तिथला आयकराचा शेवटचा हिशेब पूर्ण करा. डोंग डॉलरमध्ये बदलून पाठवताना बँक करार आणि कर भरल्याचे कागद मागते, म्हणून खातं घाईत बंद करू नका. अनुभवाचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखलाही निघण्यापूर्वीच घ्या, इथून मागवताना नाकी नऊ येतात.

एनआरई ठेवींच्या कराची भीती मैत्रिणीने जरा जास्तच घातली आहे. परत येताच बँकेला कळवा, खातं निवासी होईल आणि व्याज करपात्र होईल हे खरं. पण 31 लाखांचं व्याज दोन लाखांच्या आसपास. त्यात पगार मिळवला तरी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य. तिथल्या डॉलरच्या शिलकीची निघण्यापूर्वी एफसीएनआर ठेव (अनिवासींसाठीची परकीय चलनातली मुदत ठेव) करा, ती मुदत संपेपर्यंत तशीच चालते. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना कोल्हापुरात बसून ऑनलाइन शिकवलंत तर ती कमाई मात्र इथलीच धरली जाते, विवरणपत्रात दाखवा.

31 लाखांतले सहा लाख वर्षभराच्या खर्चाला आणि आईच्या आजारपणाला बाजूला ठेवा. उरलेल्यांना बी.एड.चा निकाल लागेपर्यंत हात लावू नका.

फ्रँचायझीचं टोकन भरू नका. मुदतीची घाई त्यांची आहे. करारात ते 50 हजार 'परत मिळणार नाहीत' असं कलम आहे, तुम्ही पाठवलेल्या प्रतीत पान चारवर.