म्हातारं मांजर, मधुमेह आणि मंदावलेली भूक

प्रश्न : आमचा बोका 14 वर्षांचा आहे. सहा महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ दीड-दीड युनिट चालू आहे. वजन 4.8 किलोवरून 4.2 वर आलंय. गेले चार दिवस तो ताटलीपाशी येतो, हुंगतो, ओठ चाटतो आणि निघून जातो. नेहमीच्या निम्मंही पोटात जात नाही. इन्सुलिन द्यायचं की थांबवायचं? आणि खायला काय घालायचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चार दिवस फार झाले. हे वाचाल त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या, बाकीचं सगळं त्यानंतर. उपाशी मांजराचं शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवू लागतं आणि मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, ते चरबीनं भरत जातं. आधी गुबगुबीत असलेल्या आणि झपाट्यानं उतरलेल्या मांजरात याची भीती जास्त. कानाच्या आतली कातडी किंवा हिरड्या पिवळसर दिसल्या तर ते सुरू झालंय असं समजा. मधुमेही मांजराला दुसराही धोका असतो : पोट रिकामं आणि इन्सुलिन अपुरं पडलं की रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठतात. औषधाच्या दुकानात लघवीतले किटोन तपासायच्या पट्ट्या मिळतात. मातीच्या ट्रेमध्ये तो बसला की मागून सपाट डाव धरा, दोन थेंब पुरतात. पट्टी जांभळट झाली आणि मांजर खात नसेल, तर सलाइन आणि पोटॅशियम लावायची सोय असलेल्या दवाखान्यातच जायला हवं, रात्र असली तरी.

घरोघरी उलटं होताना दिसतं. साखर 350 आली की सगळे घाबरतात आणि न खाणं मात्र ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. साखर काही दिवस चढी राहिली तर सावरता येते. भुकेला तेवढा वेळ देता येत नाही.

आता इन्सुलिन. क्रम असा ठेवा : आधी कानाच्या कडेची शीर टोचून साखर, मग जेवण, मग सुई. साखर दीडशेच्या खाली असेल तर सुई थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. साखर चढी आहे आणि नेहमीएवढं खाल्लं, तर पूर्ण मात्रा. निम्मं खाल्लं, तर साधारण निम्मी मात्रा. काहीच खाल्लं नाही किंवा उलटी झाली, तर ती एक मात्रा वगळा. एखादी मात्रा चुकल्यानं बिघडत नाही, पण सलग दोन वेळा वगळावी लागली तर तो घरी सांभाळायचा मामला राहिला नाही, कारण इन्सुलिन पूर्ण बंद ठेवलं की किटोनची वाट मोकळी होते. हे आकडे आपल्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रीजच्या दारावर लावा. पाऊण युनिट डोळ्यानं मोजता येत नाही, म्हणून अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली 0.3 मिलीची सिरिंज मागा.

ओठ चाटणं, लाळ गळणं, जेवणापाशी येऊन तोंड फिरवणं ही मळमळीची खूण आहे. त्याला भूक आहे, पण वास सहन होत नाही. तोंडात घेतलेला घास खाली पडत असेल किंवा तो एकाच बाजूनं चावत असेल, तर दातांकडे पाहायला हवं. या वयात मळमळीमागे बहुधा मूत्रपिंडाचा आजार किंवा स्वादुपिंडाची सूज असते, कधी साधं बद्धकोष्ठही असतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, यकृताची तपासणी आणि लघवी एवढं तरी करून घ्या. शक्य असेल तर पोटाची सोनोग्राफीही करा, कारण मांजरातली स्वादुपिंडाची सूज साध्या रक्ततपासणीत सहसा पकडीत येत नाही. पोटॅशियम घसरलं तर मान खाली झुकते आणि भूक आणखी मरते.

मळमळीवर मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन देतात. भूक वाढवायला मिर्टाझापिन वापरतात. माणसांच्या 15 मिलिग्रॅम गोळीचा आठवा भाग, म्हणजे सुमारे 1.9 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर दिवसाआड. अर्धी गोळी दिली तर मांजर रात्रभर ओरडत फेऱ्या मारतं. सायप्रोहेप्टाडिन हा दुसरा पर्याय, पण दोन्ही एकदम नकोत, ती एकमेकांचा परिणाम मारतात. मुलांची भूक वाढवणारी गोड सिरप देऊ नका. आणि कुणी ‘एक स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की खाईल’ म्हणालं तर मधुमेह असल्याचं आधी सांगा. दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड इन्सुलिनला कित्येक आठवडे दाद लागू देत नाही. भूक वाढवणाऱ्या कॅप्रोमोरेलिननंही साखर चढते.

खाण्याचं गणित सोपं आहे. विश्रांतीच्या अवस्थेत चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात. कातडी-हाडं काढून उकडलेली कोंबडीची छाती 120 ग्रॅम घेतली की तेवढ्या भरतात. ओल्या खाद्याची पाकिटं साधारण तीन लागतात, पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. एरवी मधुमेही मांजराला कर्बोदकं कमी असलेलं ओलं खाद्य उत्तम, पण या आठवड्यात तो कोरडे दाणे खात असेल तर दाणेच खाऊ द्या. न खाण्यापेक्षा चुकीचं खाल्लेलं परवडतं. मूत्रपिंडाचं खाद्य लिहून दिलं असेल आणि तो ते हुंगतही नसेल, तर तेही सध्या बाजूला ठेवा.

ताटली सपाट हवी. खाद्य कोमट, 38 अंशांच्या आसपास, म्हणजे बोटाला ऊन न लागण्याइतपत. फ्रीजमधलं थंड खाद्य वास सोडत नाही आणि म्हातारं मांजर वासावरच जेवतं. एका वेळी एक मोठा चमचा वाढा, वीस मिनिटांनी उचला. वाटी मातीच्या ट्रेपासून लांब ठेवा, आणि मागचे पाय टाच टेकून पडत असतील तर ओट्यावर नव्हे, जमिनीवर. कोंबडीच्या पाण्याचा वर शिंतोडा द्या, मात्र त्यात कांदा, लसूण, मीठ अजिबात नको. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे घरच्या रश्श्याचं पाणी चालत नाही. अन्नात औषध कालवू नका. एकदा कडू लागलं की तो ते खाद्य कायमचं सोडतो.

आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, बाळाच्या वजनकाट्यावर वजन करा. मांजर कडेवर घेऊन स्वतःच्या काट्यावर उभं राहिलं तर दोनशे ग्रॅमचा फरक हरवतो आणि त्याच्यासाठी दोनशे ग्रॅम म्हणजे अंगाचा विसावा भाग आहे.

प्रश्न : मात्रा तीच, बाटली तीच. तरी नवीन सिरिंज आणल्यावर मांजर सुई दिल्यावर तीन तासांनी लटपटायला लागलं. नव्या सिरिंजची टोपी लाल आहे, आधीची केशरी होती.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घोटाळा टोपीतच आहे. लाल टोपीची सिरिंज 40 युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी असते, केशरी टोपीची 100 युनिटच्या. आपल्याकडे दोन्ही तीव्रतेच्या बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात. ग्लार्जिन 100 युनिटचं. ते लाल सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं की आत जातात अडीच युनिट. उरलेल्या लाल सिरिंज आजच बाहेर टाका आणि पुढची मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्या.

लटपट, अंधुक नजर, थरथर दिसली किंवा साखर 70 च्या खाली आली की वाट पाहू नका. गिळता येत असेल तर लगेच खाऊ घाला. खात नसेल तर एक चमचा ग्लुकोज पावडर दोन चमचे पाण्यात कालवून थोडी थोडी हिरड्यांवर चोळा. शुद्ध नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. बोटानं हिरडीला लावा आणि निघा. उठून चालू लागलं तरी दवाखाना टाळू नका; ग्लार्जिनचा असर कित्येक तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरते. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, पण या प्रसंगी आकड्याशी वाद घालत बसू नये.

प्रश्न : आमची मांजर फक्त बांगडा-भात खाते. मधुमेह निघाल्यावर भात बंद केला तर जेवणच सोडलं.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भात एकदम तोडू नका, दोन-तीन आठवड्यांत उतरवा. चमचाभर भात कमी केला की तेवढा उकडलेला, काटे काढलेला मासा वाढवा. कच्चा बांगडा, तारली नकोत. कच्च्या माशातला एक घटक बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतो. खारवलेली सुकी मासळीही नको. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : भात घटला की साखर झपाट्यानं उतरते आणि आधीची इन्सुलिनची मात्रा जड होते. म्हणून या काळात साखर रोज मोजा. मासा आणि कोंबडी कायमची पुरत नाहीत, त्यात पुरेसं कॅल्शियम नाही. महिनाभरात निम्मं तरी संपूर्ण पोषणाचं ओलं खाद्य त्यात यायला हवं.

प्रश्न : सिरिंजनं भरवलं की थुंकतो, ओरबाडतो. जबरदस्ती करावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एक-दोन वेळा ठीक. सुळ्यामागच्या फटीतून एका वेळी अर्धा-एक मिली, मान सरळ ठेवून, गिळल्यावरच पुढचा घास. मान वर केली की अन्न फुप्फुसात जातं. दिवसाला 200 कॅलरी अशा भरवणं मात्र कुणालाच जमत नाही, आणि मळमळत असताना कोंबलेल्या खाद्याचा मांजर कायमचा धसका घेतं.

दोन दिवसांत स्वतः खाल्लं नाही तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवण्याबद्दल विचारा. नाव ऐकून लोक दचकतात, पण थोड्या वेळाच्या भुलीत ती बसते, औषधंही तिच्यातूनच जातात आणि नळी असताना मांजर तोंडानंही खाऊ शकतं. पहिल्या दिवशी गरजेच्या पाव ते एक तृतीयांश कॅलरीच द्या, तीन-चार दिवसांत पूर्णावर या; उपाशी पोटी एकदम भरलं तर रक्तातले क्षार ढासळतात. प्रत्येक वेळी आधी-नंतर 5 ते 10 मिली कोमट पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते. मानेवरचं छिद्र रोज सलाइननं पुसा. तिथे पू किंवा सूज दिसली तर लगेच दाखवा. आठवडाभर त्यानं स्वतः पुरेसं खाल्लं आणि वजन घटलं नाही, की नळी काढता येते.